मानवेल असा लेप : चेहऱ्याच्या ऊनरक्षणाचा इतिहास

उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांचा इतिहास बहुधा वाढत्या आकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणत्या दशकात कोणते रसायन सापडले, त्याने किती किरण अडवले आणि डबीवरचा संरक्षणांक किती वर गेला, एवढ्यावर तो संपतो. चेहऱ्यापुरता विचार केला तर मात्र या इतिहासाला दुसरी आणि अधिक कठोर कसोटी लागू होते. शरीराचा हा भाग जवळजवळ नेहमीच उघडा असतो, पापण्यांवरची त्वचा सर्व शरीरात सर्वाधिक पातळ असते, कपाळ व नाक येथे तैलग्रंथींची दाटी असते आणि घामाबरोबर ओघळलेला कोणताही लेप डोळ्यांत उतरतो. त्यामुळे किरण अडवण्यात यशस्वी ठरलेला पदार्थही त्वचेला झोंबला, तिच्यावर डाग पडले किंवा पुरळ उठले की निरुपयोगी ठरतो. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत मागे पडलेली अनेक ऊनरक्षके किरणांपुढे नव्हे, तर चेहऱ्यापुढे हरली आहेत.

रसायनशास्त्र या प्रांतात येण्यापूर्वी चेहऱ्याचे रक्षण म्हणजे चेहरा झाकणे एवढाच अर्थ होता. सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये वरच्या वर्गातील स्त्रिया प्रवासाला निघताना ‘व्हिझर्ड’ नावाचा पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा लावीत. इंग्लंडमधील डॅव्हेंट्री या गावाजवळच्या एका जुन्या घराच्या भिंतीत २०१० मध्ये असा एक मुखवटा सापडला. बाहेरून काळी मखमल, आतून रेशमी अस्तर आणि मधे दडपलेल्या कागदाचा थर अशी त्याची घडण असून तो चेहऱ्यावर धरून ठेवण्यासाठी दोरी नव्हे, तर दातांत पकडायचा काचेचा मणी होता. म्हणजे मुखवटा लावलेल्या स्त्रीला बोलणे अशक्य होत असे. ब्रह्मदेशात ‘थनाका’ या झाडाची साल सहाणेवर पाण्याबरोबर उगाळून गालांवर तिचा पिवळसर लेप देण्याची पद्धत आजही घरोघरी चालू आहे. महाराष्ट्रात शेतात राबणाऱ्या स्त्रीचा पुढे ओढलेला पदर आणि पुरुषाचे पागोटे यांनी हेच काम केले. या सर्व उपायांमागे उन्हाचा ताप चुकवणे आणि कांती रापू न देणे या दोनच प्रेरणा होत्या. तरीही झाकण्याच्या उपायांत पुढील काळातील मलमांना सहज न साधलेला एक गुण होता: झाकणारे कापड त्वचेत मुरत नाही.

सूर्यप्रकाशातील नेमका कोणता अंश त्वचेला भाजतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सुटत गेला. येना येथे योहान विल्हेल्म रिटर याने १८०१ मध्ये वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, चांदीचा क्षार सर्वांत वेगाने काळा पडतो असे दाखवले. हेच पुढे अतिनील किरण म्हणून ओळखले गेले. इंग्रज शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम याने १८२० च्या सुमारास स्वतःचे हात उन्हात धरून एक प्रयोग केला आणि १८२१ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एक हात त्याने उघडा ठेवला व दुसऱ्यावर काळे कापड घातले. कापडाखाली तापमान अधिक असूनही तो हात सुरक्षित राहिला आणि तुलनेने थंड असलेला उघडा हात मात्र भाजला. ऊन लागणे आणि उष्णतेने पोळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, याचा हा स्पष्ट पुरावा होता. १८५८ मध्ये फ्रेंच वैद्य झाँ-मार्तां शार्को याने विजेच्या कमानीच्या प्रकाशानेही त्वचा लाल होते हे नोंदवून त्याचे कारण उष्णतेत नव्हे तर प्रकाशाच्या रासायनिक अंशात शोधले, आणि १८८९ मध्ये स्टॉकहोम येथील एरिक योहान विडमार्क याने प्रयोगांनी ती जबाबदारी अतिनील किरणांवर निश्चित केली. दोष कोणाचा हे कळल्यावर, दिसणारा प्रकाश येऊ देणारा पण अतिनील अडवणारा पदार्थ त्वचेवर चोपडता येईल का, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला.

त्याचे पहिले उत्तर खरे तर त्याआधीच सुचवले गेले होते. ऑटो फाईल याने १८७८ मध्ये टॅनिनचा, म्हणजे हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत असणाऱ्या व कातडे कमावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तुरट द्रव्याचा, ऊनरक्षक म्हणून उल्लेख केला. किरण अडवण्याची त्याची क्षमता खरी होती; परंतु टॅनिन त्वचेला तपकिरी रंग देत असल्याने चेहऱ्यावर ते कोणी लावून घेईना. १८९१ मध्ये जर्मन वैद्य फ्रीड्रिख हामर याने हिवतापावरचे औषध असलेल्या क्विनीनचे मलम ऊनरक्षणासाठी वापरले आणि सूर्यकिरणांचे त्वचेवरील परिणाम हा एका स्वतंत्र प्रबंधाचा विषय केला. हाम्बुर्गचे प्रसिद्ध त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी घोडचेस्टनटच्या झाडातील एस्क्युलिन या द्रव्यापासून १९११ च्या सुमारास बाजारात आलेल्या मलमांना चालना दिली. ही सारी मलमे मर्यादित वर्गापुरती राहिली. तरीही मलमाचे काम किरण अडवण्याने संपत नाही, लावल्यानंतर चेहरा लोकांत नेण्याजोगा राहिला पाहिजे, ही अट टॅनिनच्या अपयशाने पहिल्याच टप्प्यावर पुढे आणली होती.

पहिल्या महायुद्धानंतर युरोप व अमेरिकेत रापलेल्या कांतीची फॅशन आली आणि ऊनरक्षणाचे उद्दिष्टच बदलले. १९२२ मध्ये हाउसर व फाले या जर्मन संशोधकांनी त्वचा लाल करणारे किरण मुख्यतः २८० ते ३१५ नॅनोमीटर या पट्ट्यात असतात हे मोजून दाखवले. या पट्ट्याला आज यूव्हीबी म्हणतात, तर ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्याला यूव्हीए म्हणतात. यूव्हीबी अडवावे आणि यूव्हीएने त्वचा सावकाश रापू द्यावी, असा सोयीचा अर्थ त्या काळच्या उत्पादकांनी यातून काढला. अमेरिकेत १९२८ मध्ये बेंझिल सॅलिसिलेट व बेंझिल सिनॅमेट यांचे मिश्रण विक्रीस आले, आणि फ्रान्समध्ये लॉरेआलचे संस्थापक युजेन श्युलेर यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास ‘आंब्र सोलेर’ हे सुगंधी तेल बाजारात आणले. यूव्हीए त्वचेत अधिक खोल जातो, सुरकुत्या व काळे डाग वाढवतो आणि औषधांमुळे किंवा सुगंधी द्रव्यांमुळे उठणाऱ्या बऱ्याच प्रकाशजन्य पुरळांना कारण होतो, हे ज्ञान सर्वमान्य व्हायला आणखी काही दशके जावी लागली. दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधात लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना लाल रंगाचे पेट्रोलियम मलम देण्यात आले. ते अतिनील अडवत असे, मात्र ते चिकट, तांबडे आणि कपड्यांना लागणारे होते. बेंजामिन ग्रीन या औषधविक्रेत्याने त्यातूनच सुधारणा करत १९४४ मध्ये जे मिश्रण तयार केले, त्याला पुढे ‘कॉपरटोन’ हे नाव मिळाले.

नाजूक त्वचेच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लाचे, म्हणजे संक्षेपाने ‘पाबा’चे आहे. १९४३ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. १९६९ मध्ये मधू पाठक या भारतीय वंशाच्या संशोधकाने हार्वर्डच्या टॉमस फिट्झपॅट्रिक यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्कोहोलमध्ये विरघळवलेले पाबा त्या वेळच्या इतर लेपांपेक्षा सरस ठरले. ते त्वचेच्या वरच्या थराला घट्ट धरून राही आणि घामाने सहज निघत नसे. मात्र ज्या गुणांमुळे ते श्रेष्ठ ठरले त्यांच्याच जोडीला त्याचे दोष आले. अल्कोहोल कोरड्या चेहऱ्याला झोंबे, उन्हात सुकलेल्या पाबाचे पिवळे डाग कपड्यांवर कायमचे बसत आणि काही जणांना त्याची अ‍ॅलर्जी होई. शिवाय केसांच्या कलपातील पॅरा-फेनिलिनडायअमीन, स्थानिक भूल देणारे बेंझोकेन आणि सल्फा गटातील औषधे यांच्याशी पाबाचे रासायनिक नाते असल्याने यांपैकी एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीची त्वचा दुसऱ्यालाही तशीच प्रतिक्रिया देऊ शकत असे. परिणामी १९८० च्या दशकात ‘पाबाविरहित’ हे शब्दच विक्रीचे साधन बनले, आणि अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०१९ च्या आपल्या प्रस्तावात पाबाला सुरक्षित व परिणामकारक मानल्या जाणाऱ्या घटकांच्या यादीबाहेर ठेवले.

पाबाची जागा घेणारी रसायनेही या कसोटीतून सुटली नाहीत. ऑक्सिबेंझोन हे बेंझोफेनोन गटातील रसायन यूव्हीबीबरोबर यूव्हीएचाही काही भाग अडवत असल्याने सर्वत्र पसरले. परंतु त्याने प्रकाश-अ‍ॅलर्जी होण्याच्या नोंदी वाढत गेल्या. प्रकाश-अ‍ॅलर्जी म्हणजे पदार्थ नुसता त्वचेवर असताना काहीच होत नाही, पण त्यावर ऊन पडले की त्याचे रूप बदलून शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध उठते अशी अवस्था. उन्हापासून वाचण्यासाठी लावलेला पदार्थ उन्हातच विकार निर्माण करतो, ही यातली विसंगती आहे. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साठी बेंझोफेनोन गटाला ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले. युरोपात वापरात असलेले आयसोप्रोपिल डायबेंझॉइलमिथेन हे यूव्हीए-रोधक तर अ‍ॅलर्जीच्या तक्रारींमुळे १९९३ मध्ये उत्पादकालाच मागे घ्यावे लागले. ऑक्टोक्रिलीनच्या बाबतीत, सांधेदुखीवर चोळल्या जाणाऱ्या केटोप्रोफेन जेलमुळे ज्यांना आधी प्रकाश-अ‍ॅलर्जी झाली आहे, त्यांच्या त्वचेला हे रसायनही अनेकदा मानवत नाही असे आढळले.

या साऱ्या तक्रारींचे वर्गीकरण करायला मात्र आधी ‘संवेदनशील त्वचा’ ही कल्पना शास्त्रीय व्हावी लागली. योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये संशयित पदार्थ पट्टीखाली त्वचेवर ठेवून प्रतिक्रिया पाहण्याची पट्टी-चाचणी मांडली आणि त्यामुळे खरी अ‍ॅलर्जी ओळखण्याचे साधन मिळाले. तरीही अनेकांच्या चेहऱ्यावर ना पुरळ दिसे ना सूज. त्यांना फक्त आग, चुरचुर किंवा झोंबल्याची जाणीव होई. १९७७ मध्ये फ्रॉश व क्लिगमन यांनी नाकपुडीच्या कडेच्या घडीत लॅक्टिक आम्लाचे पातळ द्रावण लावून ही जाणीव मोजण्याची पद्धत दिली. काहींना ते झोंबते आणि काहींना त्याचा पत्ताही लागत नाही, हे त्यातून पद्धतशीर दिसून आले. ऑस्ट्रेलियात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज क्रीम लावणाऱ्या ६०३ जणांपैकी सुमारे १९ टक्के लोकांना कधी ना कधी त्रास झाला. त्यातील बहुतेकांचा त्रास अ‍ॅलर्जीचा नव्हे तर नुसत्या दाहाचा होता. अखेर २०१७ मध्ये खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने, सामान्यतः त्रास होऊ नये अशा कारणाने चुरचुर, आग, वेदना किंवा खाज जाणवणे ही संवेदनशील त्वचेची व्याख्या म्हणून स्वीकारली.

या संशोधनाचा व्यावहारिक अर्थ असा की दोष पुष्कळदा किरणरोधक रसायनाचा नसून त्याच्या सोबतीला घातलेल्या पदार्थांचा असतो. बर्गामोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या तेलातील बर्गाप्टेनमुळे, सुगंधी पाणी जेथे शिंपडले तेथे उन्हात काळे ओघळ उमटतात, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातच वर्णिले गेले होते. तरीही त्यानंतर अनेक दशके सुवास हा ऊनरक्षक तेलाचा विक्रीगुणच मानला गेला. टिकाऊपणासाठी वापरले जाणारे मेथिलआयसोथायाझोलिनोन हेही अशाच प्रकारे अ‍ॅलर्जीचे मोठे कारण ठरले आणि त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याच्या वापरावर युरोपीय संघाने बंदी घातली. निसर्गातून आलेले ते सौम्य, ही समजूत बर्गामोटच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

दुसरीकडे, एक जुना पदार्थ आपल्या सौम्यतेमुळेच पुन्हा पुढे आला. जस्ताचे भस्म, म्हणजे झिंक ऑक्साइड, कॅलामाइनच्या रूपाने खाज व दाह शमवण्यासाठी वापरात होतेच. क्रिकेटच्या मैदानावर ऑस्ट्रेलियन व दक्षिण आफ्रिकी खेळाडूंच्या नाकावर व ओठांवर दिसणारे पांढरे पट्टे त्याचेच. ते त्वचेत फारसे शिरत नाही, त्याची अ‍ॅलर्जी अत्यंत दुर्मिळ आहे आणि उन्हात त्याचे विघटन होत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचेही बरेचसे असेच आहे. अडचण रंगाची होती: मोठे कण दिसणारा प्रकाशही विखुरतात, म्हणून चेहरा पांढराफटक दिसतो. १९९० च्या दशकात हे कण अतिसूक्ष्म करण्याची तंत्रे आली, कणांवर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचे आवरण चढवले जाऊ लागले आणि लेप पुष्कळ पारदर्शक झाला. ही खनिजे किरण केवळ परतवतात असे लोकप्रिय लेखनात वाचायला मिळते. प्रत्यक्षात ती अतिनील किरणांचा बहुतांश भाग शोषतात आणि थोडाच परतवतात. अमेरिकी प्रशासनाच्या २०१९ च्या प्रस्तावात सोळा घटकांपैकी सुरक्षित व परिणामकारक म्हणून हीच दोन खनिजे निःसंशय मान्य झाली.

भारतीय वर्णाच्या बाबतीत मात्र हे उत्तर अपुरे ठरले. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर सूक्ष्म कणांचे लेपही राखाडी झाक सोडतात, आणि वांग, म्हणजे गालांवर व कपाळावर येणारे तपकिरी चट्टे, केवळ अतिनील किरणांनी नव्हे तर दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, हे २०१० नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट होत गेले. पारदर्शक लेप दिसणारा प्रकाश अडवू शकत नाही. त्यामुळे लोहाची ऑक्साइडे मिसळून त्वचेच्या रंगाशी जुळवलेली, टिंटेड म्हणून विकली जाणारी मलमे पुढे आली. टॅनिनच्या तपकिरी रंगाला ज्या चेहऱ्यांनी नाकारले होते, त्यांच्यासाठीच आता रंग हा रक्षणाचा भाग बनला. फरक एवढाच की तो त्वचेच्या रंगाशी जुळवता येतो आणि धुतला की जातो.

रक्षण मोजण्याची पद्धत आणि त्वचेची सोशिकता यांचा संबंधही इतिहासातूनच उलगडतो. रूडोल्फ शुल्त्से यांनी १९५६ मध्ये संरक्षणांकाची मूळ कल्पना मांडली, फ्रान्झ ग्राइटर यांनी १९७४ मध्ये ती ‘एसपीएफ’ या नावाने रूढ केली आणि १९७८ मध्ये अमेरिकेत तिला शासकीय मान्यतेची दिशा मिळाली. लेप लावलेली त्वचा लाल व्हायला न लावलेल्या त्वचेच्या किती पट मात्रा लागते, हा तो अंक. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावला जातो. त्या मात्रेत १५ चा लेप सुमारे ९३ टक्के, ३० चा सुमारे ९७ टक्के आणि ५० चा सुमारे ९८ टक्के लाली आणणारे किरण अडवतो. प्रत्यक्षात लोक याच्या निम्म्याहूनही कमी लेप लावतात, आणि तो जड, चिकट किंवा झोंबणारा असेल तर त्याहून कमी. म्हणून कागदावरचा ५० हा अंक चेहऱ्यावर ५० राहत नाही. नियमित वापराचे महत्त्व ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील नॅम्बर या गावी १९९२ ते १९९६ दरम्यान १,६२१ रहिवाशांवर झालेल्या चाचणीने दाखवले: रोज डोके, मान, हात यांना सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. तिथे वापरलेला लेप १६ अंकाचा होता.

महाराष्ट्राच्या अनुभवाने या इतिहासात वेगळी भर घातली आहे. पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदल्या गेलेल्या गाजर गवताने पुढील काळात हवेतून पसरणाऱ्या त्वचादाहाची मोठी समस्या निर्माण केली, आणि १९७४ मध्ये पुण्यातील रुग्णांवरील अभ्यास आंतरराष्ट्रीय वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झाला. चेहरा, पापण्या, मान आणि हात यांवर उठणारा हा दाह दिसायला उन्हाच्या विकारासारखा असतो, आणि काही रुग्णांत तो कालांतराने खरोखर उन्हाच्या असह्यतेत बदलतो. अशा रुग्णाला कितीही वरच्या अंकाचे मलम दिले तरी कारण गवतात असल्याने ते पुरत नाही. उलट दुखावलेल्या त्वचेवर मलमातील सुगंध व परिरक्षके नवा विकार उभा करू शकतात. पुण्यातील दुचाकीस्वार मुलींनी गेल्या काही दशकांत रूढ केलेला, डोळ्यांपर्यंत चेहरा गुंडाळणारा सुती स्कार्फ म्हणूनच केवळ नखऱ्याचा विषय नव्हे. घट्ट विणीचे कोरडे कापड अतिनील किरण चांगले अडवते, आणि कापडाच्या या गुणाचे मोजमाप करणारे मानक ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी १९९६ मध्येच केले. विरळ विणीचा किंवा घामाने भिजलेला स्कार्फ मात्र बराच कमी उपयोगी ठरतो.

दीडशे वर्षांच्या या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष साधा आहे: नाजूक चेहऱ्यासाठी सर्वांत जास्त अंकाचा लेप सर्वोत्तम नसून, पुरेशा मात्रेत रोज लावणे ज्याच्या बाबतीत सोसवते तो लेप सर्वोत्तम होय. म्हणून निवड करताना सुगंध नसलेला, शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला, ३० किंवा अधिक अंकाचा आणि यूव्हीएपासूनही रक्षण करणारा लेप आधी पाहावा. वांग असल्यास रंगीत लेप घ्यावा. नवा लेप थेट चेहऱ्यावर न लावता कोपराच्या आतल्या बाजूस एक आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावा, आणि पुरळ किंवा सूज आल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडून पट्टी-चाचणी करून नेमका घटक शोधून घ्यावा, कारण घटकाचे नाव कळल्याशिवाय डब्या बदलत राहिल्याने प्रश्न सुटत नाही. ज्यांना एकही लेप मानवत नाही, त्यांनी रुंद काठाची टोपी, घट्ट विणीचे कापड आणि दुपारची सावली हे उपाय निर्धास्तपणे स्वीकारावेत. ते जुने असले तरी कनिष्ठ नाहीत.